एलेओनोराचा झगा, आतून बाहेर

सोमवार

इटालियन चित्रकार ब्रोंझिनोनं 1545च्या सुमारास रंगवलेलं एलेओनोरा दि तोलेदो आणि तिच्या लहानग्या जोव्हान्नीचं चित्र समोर ठेवलं की हात आधी वेलबुट्टीकडे धावतो. तो आवरायचा. फ्लॉरेन्सच्या ड्यूकच्या, कोसिमो दे मेदिचीच्या बायकोचा हा पोशाख म्हणजे एकावर एक चढवलेले थर आहेत. ते अंगावर ज्या क्रमानं चढले त्याच क्रमानं कागदावर आले तरच नीट बसतात.

सगळ्यात आत कामिचा, म्हणजे पांढऱ्या लिननचा सैल सदरा. त्यावर ताठ चोळीचा आणि भरघोस घेराचा झगा, मग वेगळ्या बाह्या, खांद्यावर सोन्याची, गाठींवर मोती असलेली जाळी, शेवटी दागिने. आज फक्त एचबी पेन्सिलीनं बसलेली आकृती आणि तिच्यावर कामिचा. तो बहुतेक झाकलाच जाणार, तरी पूर्ण काढायचा. बाहीच्या चिरांमधून जे पांढरे फुगे बाहेर येतात ते याच कापडाचे आहेत. आतला सदरा काढलेला नसेल तर ते बाहेरून चिकटवल्यासारखे दिसतात.

मंगळवार

चोळी. इथे सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात, कारण डोळ्यांपुढे एकोणिसाव्या शतकातलं कॉर्सेट असतं. कंबर आवळलेली आणि छाती वर उचललेली ही ठेवण या काळातली नाही. 1545ची फ्लॉरेन्सची चोळी आतल्या जाड अस्तरानं ताठ केलेली असते. समोरून ती जवळजवळ सपाट, वर रुंद आणि खाली किंचित निमुळती दिसते. म्हणून आधी साधं नळकांडं काढावं, त्याची मधली रेघ आखावी आणि गळा रुंद, चौकोनी ठेवावा. छातीखाली वळणदार सावली टाकली की ताठपणा गेलाच.

काळही सांभाळायला हवा. गिर्लांदायो या चित्रकाराच्या 1488च्या जोव्हान्ना तोर्नाबुओनीच्या चित्रातली ठेवण इथे उसनी घेऊन चालत नाही. अर्ध्या शतकात फ्लॉरेन्समधली चोळी पुष्कळ बदलली. दोन्ही चित्रांतून थोडं थोडं उचललं तर असा पोशाख तयार होतो जो कुणीच कधी घातला नव्हता.

बुधवार

बाह्या. त्या चोळीला शिवलेल्या नसतात, खांद्याशी बंदांनी बांधलेल्या असतात. त्यामुळे खांदा आणि बाही यांच्यामध्ये फट राहते आणि तिथून कामिचा डोकावतो. ही फट आधी आखून घ्यावी. फुगे काढताना सारख्या आकाराचे गोळे येतात, ते टाळायचे. प्रत्येक फुग्याच्या दोन्ही टोकांना कापड आवळलेलं असतं, म्हणून चुण्या टोकांपासून पसरत मध्याकडे येतात आणि मध्यावर विरतात. मधोमध कोरा कागद सोडायचा, टोकांशी थंड करडी छटा द्यायची. कोपराजवळ हात वळतो तिथे आतल्या बाजूचे फुगे चेपतात आणि बाहेरचे ताणले जातात.

गुरुवार

आज कापड. याच्यासाठीच तर हे चित्र निवडावं. जमीन पांढऱ्या साटनची, तिच्यावर काळ्या मखमलीची वेल आणि त्यात सोन्याच्या तारेचे बुट्टे. तीन पोत, आणि तिन्हींवर उजेड वेगळा वागतो. साटनवर उजेड घडीच्या उंचवट्यावर पडतो, तिथे झळाळी धारदार आणि कडा तुटक. मखमलीचं उलटं. आपल्याकडे सरळ तोंड असलेला भाग गडद आणि वळून दूर जाणारी कड उजळ, कारण तिथे लव आडवी दिसते. मखमलीवर साटनसारखी मधोमध चकाकी दिली तर ती रबरासारखी दिसते. नुसत्या साटनचा सराव करायचा असेल तर ब्रोंझिनोनंच रंगवलेल्या लुक्रेझिया पान्चातिकीच्या लाल बाह्या घ्याव्यात.

काळा रंग ट्यूबमधून थेट लावू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा घडीत जिवंत राहतो. शुद्ध काळा फक्त सर्वांत खोल घडीच्या तळाला. मखमलीची वेल साटनपासून किंचित उचललेली असते, म्हणून उजेडाच्या विरुद्ध बाजूनं वेलीला लागून केसाइतकी बारीक सावली द्यावी. एवढ्या एका रेघेनं छापील वाटणारी नक्षी विणलेली वाटू लागते.

सोन्यासाठी सोनेरी रंग नको. तो आपल्या कोनानं चमकतो, चित्रातल्या उजेडाशी त्याचा संबंध नसतो, आणि घडी सपाट होते. खाली यलो ऑकर, सावलीत बर्न्ट अंबर, मग शून्य नंबरच्या ब्रशनं नेपल्स यलोचे ठिपके. ठिपकेच, रेघा नाहीत, कारण तारेची बारीक वेटोळी उभी असतात आणि प्रत्येक वेटोळं स्वतंत्र चमकतं.

शुक्रवार

आता वेलबुट्टी. छातीच्या मधोमध मोठं डाळिंब येतं आणि नक्षी त्याच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जाते. अर्धी नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढून उलटवली की काम निम्मं होतं.

फ्लॉरेन्सच्या रेशमी कापडाचा पन्हा लहान, साधारण 58 ते 60 सेंटिमीटर. डोक्याची उंची 23 सेंटिमीटर धरली तर एक पन्हा म्हणजे अंदाजे अडीच डोकी. कागदावर डोकं 6 सेंटिमीटरचं असेल तर 15 सेंटिमीटर सपाट कापडानंतर शिवण यायला हवी. घेरावर आधी या शिवणी आखाव्यात, मग चौकटी, मग प्रत्येक चौकटीत नक्षीचा तुकडा. घडीत चौकट गिळली गेली तर नक्षीही तिथेच तुटू द्यावी आणि घडीपलीकडे जिथून निघायला हवी तिथूनच पुन्हा सुरू करावी. नक्षी घडीवरून अखंड गेली की झगा भिंतीवरच्या कागदासारखा दिसतो.

कमरेशी नऊवारीच्या निऱ्यांसारख्या चपट्या घड्या काढू नयेत. इतकं जड कापड तसं दबत नाही. त्याच्या घड्या कमी, रुंद आणि गोलसर पडतात.

शनिवार

एलेओनोरा 1562मध्ये गेली. तिला याच झग्यात पुरलं असं पुष्कळ काळ मानलं जाई. पण तिच्या कबरीतून निघालेला आणि फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात जतन केलेला झगा वेगळा आहे. तो साटनचा असून त्यावर मखमलीच्या पट्ट्या आहेत. शिवण समजून घ्यायला तो अमोल आहे, पण त्याचे तपशील या चित्रात मिसळू नयेत.

उरली खांद्यावरची मोत्यांची जाळी. तिच्या रेघा पट्टीनं मारल्या की छाती सपाट होते. रेघा गळ्याच्या हाडावरून आणि खांद्यावरून वळत जाव्यात, आणि खांद्याच्या कडेशी जाळीचे चौकोन अरुंद व्हावेत. गाठीवरचा मोती आधी मध्यम करड्या रंगाचा. गडद कोर कडेच्या थोडी आत, कडेला परावर्तित उजेडाची फिकट रेघ, आणि पांढरा ठिपका सगळ्या मोत्यांवर एकाच दिशेला. कडेकडच्या मोत्यांवर ठिपका लहान ठेवावा, खांद्यामागे वळणाऱ्यांवर देऊच नये.