दोनशे घोडे आणि अडीच पेढे

ओडो (मीटरवरचे किलोमीटर) 7,940, नोव्हेंबर 2024. गाडी घरी आली. 2018 ची कावासाकीची मोटारसायकल, निंजा झेडएक्स-10आर, हिरवी, पुण्याहून सेकंड हँड. आईने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "ॲव्हरेज किती देते?" पंधरा म्हटल्यावर ते काही न बोलता आत गेले.

कागदावरचे आकडे असे: 998 सीसी, चार सिलिंडर, 13,000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 200 पीएस म्हणजे घोडे, 11,500 ला 113.5 एनएम टॉर्क (पिळण्याचा जोर), पेट्रोलसकट वजन 206 किलो. लोकांना यातला फक्त दोनशे हा आकडा हवा असतो, आणि सांगताना मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोला. पण मी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. या दोनशेतले रस्त्याला लागतात किती, हे बघायचं ठरवलं. गेल्या आठ महिन्यांच्या नोंदी त्याच्याच आहेत.

ओडो 8,015. दुसऱ्याच रविवारी गाडीने कान धरला. सकाळी साडेसहा, चांगलीच थंडी, साताऱ्याच्या समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट. वरच्या बाजूच्या एका उजव्या वळणावर डंपरने सांडलेली जांभ्याची लाल खडी पसरलेली होती, खडी म्हणण्यापेक्षा भरड रवाच. दुसरा गिअर, वेग चाळीसच्या आसपास, मूठ जेमतेम उघडलेली. मागचं चाक डावीकडे वीतभर सरकलं, इंजिन दोनदा अडखळलं, फट्-फट्, आणि गाडी परत सरळ. सगळं मिळून अर्धा सेकंद. ते अडखळणं म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, चाक घसरलं की इंजिनाचा जोर कापणारी यंत्रणा. त्याने इग्निशन कापलं नसतं तर ही नोंद लिहायला मी प्लॅस्टर सुटायची वाट बघत बसलो असतो.

वर टपरीवर चहा पिताना हात थरथरत होते. टपरीवाले मामा म्हणाले, "थंडी लय हाय आज." मी हो म्हटलं.

घरी येऊन मोबाईलच्या उजेडात टायर तपासले. साइडवॉलवर डॉट या अक्षरांपुढची रांग ज्या चार आकड्यांवर संपते, ते आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. माझ्या मागच्या टायरवर 1418 होतं, म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. गाडीबरोबर आलेला मूळ टायर. विकणारा म्हणाला होता, "टायर झकास आहेत, अजून चार हजार किलोमीटर जातील." नक्षी खरंच शिल्लक होती. पण साडेसहा वर्षांत रबर वाळून खडखडीत झालं होतं. नखाने दाबलं तर वहाणेच्या तळासारखं लागत होतं. नक्षीची खोली सगळेच बघतात, तारीख बघायचं मला सुचलं नव्हतं. सेकंड हँड घेणाऱ्यांनी आधी गुडघ्यावर बसून हे चार आकडे वाचावेत, इंजिनचा आवाज नंतर ऐकावा.

नवीन टायर येईपर्यंत गाडी उभी. त्या आठवड्यात हिशोब मांडला, तो इथे सविस्तर देतो, कारण माझं डोकं त्यानेच ताळ्यावर आलं.

गाडी 206, हेल्मेट-जॅकेटसकट मी 84, एकूण 290 किलो. अशा आखूड आणि उंच गाडीला जोरात पळवलं की वजन मागे जातं. प्रवेग साधारण 1 जी (गुरुत्वाकर्षणाएवढा) झाला की पुढच्या चाकावर भारच उरत नाही आणि ते हवेत जातं. म्हणजे टायर कितीही चिकट असो, मागचं चाक रस्त्याला ढकलू शकतं ते साधारण 2,850 न्यूटननेच. त्यापुढे व्हीली. आता शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ताशी 50 वर 2,850 न्यूटनला लागतात 54 घोडे. ताशी 100 वर 107. सगळे दोनशे एकदम जुंपायचे तर वेग लागतो ताशी 185 च्या पुढे.

साताऱ्यात 185 कुठे? खंबाटकीत? हायवेला आनेवाडीपासून नागठाण्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली आणि मधूनच रस्ता ओलांडणारी म्हैस. घाटात चाळीसच्या वेगाला माझ्या कामाचे घोडे त्रेचाळीस. उरलेले दीडशेच्या वर घोडे तबेल्यात कडबा खात बसलेत, आणि त्यांचा हप्ता मी भरतोय. बरं, या गाडीचा पहिला गिअरच दीडशेच्या पुढे जातो, म्हणजे अख्खा कास रस्ता पहिल्या-दुसऱ्यात संपतो.

हे लिहून झाल्यावर दोनशेचं कौतुक बरंच उतरलं आणि टायरचं वाढलं.

ओडो 8,110, डिसेंबर. पुढे-मागे नवीन स्पोर्ट-टूरिंग टायर, मापं 120/70 आणि 190/55, दोन्हींच्या तारखा सहा महिन्यांच्या आतल्या. दुकानात खोका फोडायच्या आधी वाचल्या. पोराने विचारलं, "दादा, एक्स्पायरी बघताय व्हय?" तसंच म्हण. ट्रॅकचा मऊ टायर मुद्दाम घेतला नाही. तो गरम झाल्याशिवाय धरत नाही, आणि डिसेंबरच्या सकाळी कासला जाताना तो गरम होईपर्यंत पठार येतं.

बसवल्यावर एक पोरकट प्रयोग केला. मागचं चाक पॅडॉक स्टँडवर घेतलं, टायरला खालून काळी शाई फासली, त्याखाली पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर मुलीच्या वहीतला आलेख कागद. गाडी अलगद खाली सोडली, भावाने हँडल धरलं, मी वर बसलो, मग परत उचलली. कागदावर लंबगोल ठसा उमटला. चौकोन मोजले: 42 पीएसआय हवेला 48 चौरस सेंटिमीटर. आमच्या मापात सांगायचं तर कंदी पेढा साधारण पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे ठसा अडीच पेढ्यांएवढा. तेरा लाखांच्या आसपास किमतीला निघालेल्या गाडीचं इंजिन, चेन, स्प्रॉकेट हे सगळं शेवटी अडीच पेढ्यांवर टेकलेलं. मुलीने तो कागद शाळेत नेला, बाईंनी कशाचं चित्र म्हणून विचारलं.

मग हवा कमी करून पाहिली. कंपनीचं माप पुढे 36, मागे 42, तेही थंड टायरला. मागे 36 केल्यावर ठसा 53 झाला. मला वाटलं होतं त्याहून कमीच वाढला. टायरच्या आतला सांगाडा स्वतःही भार पेलतो, सगळं काम हवेवर नसतं. एकटा घाटात जाताना आता मागे 38 ठेवतो, हायवेला परत 42. आणि हवा पंपावर पोचल्यावर मोजू नका, घरून निघायच्या आधी मोजा. टायर पाच-सहा अंशांनी तापला की एक पीएसआय वाढतो. पंपावरच्या मीटरबद्दल काय बोलणार, माझ्या गेजमध्ये आणि त्यात चार पीएसआयचा फरक निघाला.

ओडो 9,300, फेब्रुवारी. उसाचा सीझन जोरात, शेंद्र्याच्या आसपास रस्त्यावर पाचट आणि चेचलेले ऊस. त्यावर ब्रेक नाही, मूठ नाही, नुसतं सरळ जायचं. नोंद संपली.

या महिन्यात वळणातल्या पकडीचा अभ्यास झाला. टायरची पकड ही एकच भाकरी समजा. वळणं आणि पळणं, दोघांचं पोट त्यातूनच भरायचं. गंमत अशी की वाटणी सरळ वजाबाकीने होत नाही, पायथागोरसने होते. कोरड्या रस्त्यावर एकूण पकड 1 धरली तर 30 अंश झुकल्यावर वळणाला 0.58 लागते, तरी पळायला 0.8 उरते. 40 अंशांवर उरते 0.54. 45 ला शून्य. म्हणजे तीसपर्यंत गाडी दिलदार असते आणि शेवटच्या पाच अंशांत अचानक हिशोबाला बसते. वळणाच्या पोटात मूठ उघडायची घाई का नडते, ते मला इथे कळलं. आधी गाडी उभी करायची, मग मूठ. उभी होईल तशी भाकरी परत मिळते.

इलेक्ट्रॉनिक्स हाच हिशोब सेकंदात कितीतरी वेळा करतं. दोन्ही चाकांचे सेन्सर वेग मोजतात, मागचं पुढच्यापेक्षा किती जास्त फिरतंय ते बघतात. थोडं जास्त फिरायलाच हवं, अजिबात न घसरणारा टायर ढकलतही नाही. प्रश्न किती, एवढाच. 2016 पासून या गाडीत बॉशचं आयएमयू (गाडीचा कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) आहे. ते पाच अक्षांवर मोजतं आणि सहावा अक्ष कावासाकीचं सॉफ्टवेअर गणिताने काढतं. त्यामुळे गाडी किती झुकली आहे हे तिला ठाऊक असतं. यामाहाने आर1 ला सहा अक्षांचं आयएमयू 2015 मध्ये दिलं. त्याआधी 1998 ची पहिली आर1 150 पीएस घेऊन यातलं काही नसताना रस्त्यावर आली होती. त्या काळच्या लोकांच्या मनगटात काय होतं कोण जाणे. बऱ्याच जणांच्या मनगटात नंतर प्लेट बसली असणार.

मी ट्रॅक्शन कंट्रोल 1 ते 5 पैकी 3 वर ठेवतो. मित्र म्हणतात 1 वर टाक, मजा येते. येत असेल. माझं प्रगतीचं माप उलटं आहे: एका फेरीत इंजिन किती वेळा अडखळलं. डिसेंबरमध्ये सातारा ते कास जाऊन-येऊन अकरा वेळा. फेब्रुवारीअखेर चार. वेळ मात्र मोजत नाही, तो मोजायला लागलं की घाट ट्रॅक होतो आणि समोरून एसटी येते.

ओडो 9,780, मार्च. सॅग, म्हणजे आपण बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून शेपटीपर्यंत मोजायचं, मग बसून मोजायचं, फरक म्हणजे सॅग. माझा निघाला 17 मिलिमीटर. आधीचा मालक पैलवान गडी असावा, प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) आवळून ठेवला होता. इतक्या कडक स्प्रिंगवर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरच्यावर उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला कसली पकड? फिटर आण्णांकडे शॉकचा पाना होता. तीन वेळा सैल करून 30 वर आणला. संध्याकाळी त्याच घाटात तीच गाडी, पण मागून कुणीतरी पाठीवर मारायचं थांबलं होतं. आण्णांनी शंभर रुपये घेतले. टायरला मोजले त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि गुण मात्र तेवढाच.

ओडो 10,450, मे. कऱ्हाडचा मित्र त्याची क्रॉसप्लेन (वेगळ्या धाटणीच्या क्रँकची) आर1 घेऊन आला. एकमेकांच्या गाड्या चालवल्या. माझ्या गाडीत क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, दर 180 अंश फिरला की एक स्फोट, सलग किंचाळी. त्याच्या गाडीत 270, 180, 90, 180 असे विषम. 2009 मध्ये यामाहाने हे रस्त्याच्या गाडीत आणलं, त्यामागचं कारण असं सांगतात की क्रँकच्या स्वतःच्या हेलकाव्याची भेसळ कमी होते आणि मुठीला टायरचं म्हणणं स्वच्छ ऐकू येतं. मला खरंच तसं वाटलं का? वळणातून निघताना थोडं वाटलं. की आवाजाला भुललो, ते सांगता येत नाही. आवाज जबरदस्तच आहे.

त्याने सल्ला दिला, मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढव, खालून उचल मिळेल. आमचा तासभर वाद झाला. अरे बाबा, खालच्या वेगाला माझ्याकडे बल आधीच गरजेपेक्षा जास्त आहे, ते वाढवून काय करू? ट्रॅफिकमध्ये क्लच कमी भाजेल हा त्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. पोवई नाक्यावर शनिवारी मला तो पटतो.

ओडो 10,900, जून. पाऊस लागला. लोक गाड्या झाकून ठेवतात, मी मुद्दाम काढली. पॉवर मोड एल (लो, कमी ताकदीचा), ट्रॅक्शन 5. ओल्या रस्त्याची पकड 0.5 धरून परत हिशोब केला. पावसात वजनही मागे फारसं जात नाही, त्यामुळे ताशी 50 ला मागचं चाक झेपवतं ते जेमतेम 17 घोडे. सतरा! पल्सर 180 एवढे. यवतेश्वरच्या दुसऱ्या वळणावर दुधाचे दोन कॅन लावलेली स्प्लेंडर मागून आली, हॉर्न देऊन पुढे गेली. त्या माणसाचे आठच्या आसपास घोडे होते, सगळेच्या सगळे कामाला. वरच्या सपाटीवर त्याला गाठायचा मोह झाला, पण धुकं इतकं होतं की स्वतःचा पुढचा मडगार्ड दिसेना.

जाऊन-येऊन अडखळणं: शून्य. अर्थात वेगही शून्याच्या जवळपास होता, त्यामुळे ही फेरी धरायची की नाही यावर भावाशी वाद चालू आहे.

ओडो 11,020, जुलै. मागच्या टायरच्या मधोमध सपाटी दिसायला लागली आहे, तीन हजारात. हायवेच्या फेऱ्यांचा प्रताप. कडेला मात्र दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी अजून कोरी. ती पुसायची घाई नाही. आता पुढच्या फोर्कचा सॅग मोजायचा आहे, त्याला केबल टाय लागतो आणि घरातले सगळे टाय मुलीने सायकलला लावलेत. रविवारी आण्णांकडे जाऊन आणतो, मग आकडे लिहितो.