आधीच असलेली गुहा खणायची कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. एकदा काढला की मला थांबवावं लागतं.

सुट्टीचा दिवस कुठं घालवलास असं कुणी विचारलं की मी म्हणतो, चुनखडीच्या गुहेत माती उपसत होतो. समोरचा जरा वेळ गप्प. मग ठरलेला प्रश्न: "पण गुहा तर निसर्गानंच केलेली असते ना? त्यात खणायचं काय?" भीती वाटत नाही का, हे नंतर येतं. पहिला प्रश्न मला आवडतो, कारण त्यातलं म्हणणं बरोबर आहे. गुहा आधीच असते. अगदी नाइलाज झाला तरच आम्ही खडकाला छिन्नी लावतो. एरवी काढायचं ते तिच्या घशात अडकलेलं.

पावसाचं पाणी हवेतून, आणि त्याहून जास्त मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेतं. किंचित आम्ल झालेलं ते पाणी चुनखडीच्या भेगांत उतरतं आणि दगड विरघळवत जातं. हजारो, लाखो वर्षांत भेगेचं भुयार होतं, भुयाराची दालनं होतात. पुढं पाणी आणखी खालची वाट धरतं आणि वरचे रस्ते कोरडे पडतात. मग छतातून धोंडे निखळतात, पुराबरोबर गाळ येतो, आणि एखादं तोंड असं बुजतं की त्यावर गवत माजतं. आत कदाचित कोसच्या कोस पोकळी, बाहेरून बघाल तर नुसता खळगा. त्या खळग्यात घमेलं घेऊन बसलेला माणूस म्हणजे मी.

खळगे शेकड्यानं असतात. त्यातला कुठला खणायचा हे वारा सांगतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लेचुगिया गुहेचं उदाहरण आमच्यात सगळ्यांना पाठ असतं. कित्येक वर्षं ती म्हणजे तळाशी दगडमातीनं बंद झालेला एक साधा खड्डा होता. पण त्या दगडमातीखालून वारा घोंघावताना ऐकू यायचा. काही हौशी मंडळींनी राष्ट्रीय उद्यानाची परवानगी काढली, तळ उपसला आणि मे १९८६ मध्ये आत शिरले. आज तिथं २४० किलोमीटरहून जास्त वाटांचा नकाशा झालाय आणि खोली ४८९ मीटर आहे. (ती गुहा पावसाच्या पाण्यानं नाही, खालून आलेल्या वायूपासून तयार झालेल्या गंधकाम्लानं कोरलेली. पण बुजलेलं तोंड आणि वारा, गोष्ट तीच.)

वारा वाचायला मात्र यावा लागतो. आमची फजिती इथंच झाली. एका उताराच्या पायथ्याशी भर उन्हाळ्यात एक फट सापडली, तिच्यातून गारेगार झोत येत होता. हात धरला तर बोटं थिजावीत. आम्ही हरखलो. एवढा वारा म्हणजे खाली केवढी गुहा असेल! चार महिने तिथं खाली खणत राहिलो. थंडी पडली, आणि एका सकाळी फटीशी धरलेल्या उदबत्तीचा धूर बाहेर यायच्या ऐवजी सरळ आत ओढला गेला.

हिशेब साधा होता, पण आम्ही तो मांडलाच नव्हता. गुहेचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं. उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार, म्हणून जड; ती घरंगळत खालच्या तोंडातून बाहेर पडते. थंडीत तीच हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार, म्हणून हलकी. ती धुराड्यातल्या धुरासारखी वर चढते, वरच्या तोंडातून निघते आणि खालचं तोंड बाहेरची थंड हवा आत ओढतं. थोडक्यात, आम्ही तळमजल्याच्या दारात बसून तळघर शोधत होतो. गुहा होती, पण आमच्या डोक्यावर.

खोल जायचं असेल तर आधी डोंगर चढावा लागतो, हे त्या उदबत्तीनं शिकवलं. जगातली सगळ्यात खोल ज्ञात गुहा, काळ्या समुद्राजवळच्या अबखाझियातली वेर्योव्किना, हेच सांगते. तिचं तोंड समुद्रसपाटीपासून सुमारे २,२८५ मीटर उंचीवर आहे, आणि खोली सुमारे २,२१० मीटर. म्हणजे डोंगरमाथ्यावरून आत शिरलेला माणूस जवळजवळ समुद्राच्या पातळीला पोचतो. १९६८ मध्ये सापडली तेव्हा ती ११५ मीटरवर संपली होती. १९८६ पर्यंत ४४० मीटर झाली आणि जवळपास तीस वर्षं तिथंच अडली. २०१५ मध्ये मॉस्कोच्या एका क्लबला पुढची वाट मिळाली आणि तीन वर्षांत तळ लागला.

तिथं एवढी खोली असणार याचा अंदाज पाण्यानं आधीच दिला होता. १९८४ मध्ये त्याच डोंगरातल्या एका गुहेच्या पाण्यात रंग सोडला, तो समुद्रकाठच्या झऱ्यांत उतरला. ही युक्ती जुनी आहे. १८७७ मध्ये जर्मनीत डॅन्यूब नदी जिथं जमिनीत जिरते तिथं फ्लुरोसीन नावाचा दहा किलो रंग टाकला, आणि अडीचेक दिवसांनी आख नावाच्या दुसऱ्याच नदीचा उगम हिरवागार झाला. आम्हाला अजून एवढं मोठं काही जमलेलं नाही. आम्ही उदबत्तीवाले.

प्रत्यक्ष खणणं? ते सांगण्यासारखं फार नाही. पहिला माणूस पोटावर पालथा, हातात आखूड दांड्याचं फावडं. तो घमेलं भरतो, मागचा ओढतो, त्याच्या मागचा रिकामं करतो. धोंडे सैल असतील तर लोखंडी नळ्यांचे टेकू दिल्याशिवाय एक इंचही पुढं नाही. वारा अचानक बंद झाला तर सगळे बाहेर. कोंडलेल्या जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो. बाहेर जो ०.०४ टक्के असतो तो तीन टक्क्यांवर गेला की बसल्या जागीही श्वास वाढतो. आणि हाड किंवा कोळशाचा थर दिसला तर काम तिथल्या तिथं थांबतं, कारण मग ते आमचं राहत नाही, पुरातत्त्वाच्या जाणकारांचं होतं. स्पेनमधल्या अतापुएर्काच्या गुहांत एका खड्ड्यातून निदान २८ जणांची, सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची हाडं निघाली आहेत. तसला गाळ घमेल्यानं फेकला तर तो कुठल्या थरातला हे परत कुणालाच सांगता येणार नाही. आमच्यातही घाईनं उपसणारे आहेत, आणि त्यांच्याशी माझं पटत नाही.

भीतीचं विचारणारच आहात, म्हणून तेही. वाटते. २०१४ मध्ये जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोलीवर एका शोधकाच्या डोक्याला दगड लागला. त्याला वर आणायला सातशेहून जास्त माणसं आणि अकरा दिवस लागले. तो मुरलेला माणूस होता. म्हणून हेल्मेटचा पट्टा मी दोनदा तपासतो.

त्या पायथ्याच्या फटीचं पुढं काय झालं? आम्ही ती सोडली आणि वरचा माळ धुंडाळला. दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीतल्या एका पहाटे, एका खळग्यातल्या झुडपांवरचं दव सगळीकडं गोठलेलं आणि मधल्या हातभर जागेत मात्र ओलं. तिथून ऊबदार हवा वर येत होती. सध्या तिथं नऊ मीटर खाली आहोत. एका धोंड्याखाली फट आहे, हात कोपरापर्यंत जातो, आत खडा टाकला की तो तीनदा आपटतो आणि मग आवाज येत नाही.

घमेली सात आहेत, माणसं चार. जुने कपडे असतील तर बघा.