बनावट रॅम आणि न जुळणारी रॅम : आमची वाटचाल

कॉम्प्युटर असेंबल करून देणं आणि दुरुस्ती, यातून आमची फर्म सुरू झाली. तेव्हा रॅमची डीडीआर३ ही पिढी चालायची (डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिच्यानंतरच्या). मशीन हँग झालं, ब्लू स्क्रीन आली किंवा रॅम वाढवूनही पूर्ण दिसली नाही, की ग्राहकाचा शब्द ठरलेला : "रॅम डुप्लिकेट आहे." पुष्कळदा तसं नसायचं. ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम तिला वापरताच येत नाही. ऑनबोर्ड ग्राफिक्सही (वेगळं कार्ड न लावता स्क्रीन चालवणारी सोय) थोडी रॅम स्वतःकडे राखून ठेवतं. शिवाय डुप्लिकेट म्हणणं हा पुरवठादारावरचा थेट आरोप आहे, आणि तो पुराव्याशिवाय करायचा नाही हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं.

या नियमाची खरी कसोटी लागली ती डीडीआर३च्या ८ जीबी पट्ट्यांच्या एका स्वस्त लॉटमध्ये. इंटेल प्रोसेसरच्या मदरबोर्डवर नुसते बीप, आणि तीच पट्टी एएमडी प्रोसेसरच्या बोर्डवर सुरळीत. पट्टीवर १६ चिप, पण साध्या ८ जीबीच्या पट्टीवरही १६ असायच्या, म्हणजे बाहेरून फरक शून्य. भिंग लावून चिपवरचे क्रमांक उतरवले, कंपनीच्या डेटाशीटशी ताडले, तेव्हा उलगडा झाला. नेहमीची चिप एका वेळी ८ बिट देते, ही ४ बिटची होती. डेस्कटॉपमधले इंटेलचे मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) अशी मांडणी घेत नाहीत. चिप अस्सल, क्षमता पूर्ण, तरी निम्म्याहून अधिक ग्राहकांसाठी निरुपयोगी. आणि लेबलवर त्याचा उल्लेखही नाही. माल परत केला, पण पत्रात 'बनावट' लिहिलं नाही. 'माहिती दडवून विकलेला' असं लिहिलं, कारण खरं तेवढंच होतं.

खरोखर बनावट माल भेटला तो डीडीआर४च्या काळात. पट्टीवर एसपीडी नावाची छोटी चिप असते. क्षमता, वेग, टायमिंग, सिरीयल नंबर सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना बोर्डवर चालणारा मूळ प्रोग्रॅम, तेच वाचतं. ही माहिती पुन्हा लिहिता येते, आणि फसवणारे नेमकं तेच करतात. कमी वेगाच्या चिप घ्यायच्या, वरचा छाप घासून नवा उमटवायचा, एसपीडीत वेग ३२०० लिहून टाकायचा. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये सगळं व्यवस्थित दिसतं, कारण तो प्रोग्रॅमही एसपीडीच वाचतो. आमच्या हाती आलेल्या पट्ट्यांवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला तर चुकांची रांग. बायोसमधून वेग २४०० वर आणला की एकही चूक नाही. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण प्रोसेसर किंवा बोर्डला तो वेग झेपत नसेल तरी असंच होतं. म्हणून ३२०० अधिकृतपणे चालवणाऱ्या दुसऱ्या बोर्डवर तपासलं. चुका तिथेही आल्या. मग एसपीडीतले सिरीयल नंबर पाहिले, तर सगळ्या पट्ट्यांत एकच नंबर, आणि लेबलवरचे मात्र वेगवेगळे. तो लॉट आम्ही फोटो आणि टेस्टच्या रिपोर्टसह परत पाठवला आणि त्या पुरवठादाराशी व्यवहार थांबवला.

(काही चांगल्या ब्रँडच्या अस्सल पट्ट्यांत सिरीयल नंबरच्या जागी नुसती शून्यं असतात, त्यामुळे आम्ही एकट्या त्या खुणेवर विसंबत नाही. एकाच मॉडेलच्या दोन पट्ट्यांवर वेगवेगळ्या कंपनीच्या चिप दिसल्या म्हणूनही कुणी घाबरू नये. जगातल्या बहुतेक चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. पट्टी बनवणारे त्यांच्याकडून घेतात आणि लॉटनुसार चिप बदलत राहतात.)

तेव्हापासून माल आला की ग्राहकाच्या मशीनमध्ये जाण्याआधी त्याचा फोटो, चिपवरचा क्रमांक आणि एसपीडीची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये होते. लॅपटॉपची जुनी पट्टी बदलताना व्होल्टेज आवर्जून पाहतो. डीडीआर३ १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ व्होल्टची, दोन्ही एकाच स्लॉटमध्ये बसतात, पण फक्त कमी व्होल्टेज घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिली चालत नाही.

डीडीआर५ आल्यापासून शंकांचं रूप बदललं आहे. नवी रॅम टाकून पहिल्यांदा मशीन सुरू केलं की मेमरी ट्रेनिंग (बोर्ड आणि रॅम एकमेकांशी जुळवून घेण्याची प्रक्रिया) चालतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात आणि पट्टी मेली म्हणून आणून देतात. दुसरी तक्रार चार पट्ट्यांची. एएमडीच्या रायझन ७००० या प्रोसेसर मालिकेत दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ५२००, चार लावल्या तर ३६००. पट्टीवर ६००० छापलेलं असतं, म्हणून ग्राहकाला फसवणूक वाटते. हे आम्ही आता कोटेशनमध्येच लिहितो, आणि ३२ जीबी हवी असेल तर १६-१६च्या दोन पट्ट्यांचा एकच किट सुचवतो.