देवळाली ते मालेगाव: युद्धातल्या जीपच्या चासीचा शोध

कडब्याच्या पेंढ्या बाजूला झाल्या आणि पहिल्यांदा दिसला तो मागच्या चाकाचा हब. मधोमध गोल फ्लँज, त्याला सहा बोल्ट. माझ्याबरोबरच्या मिस्त्रींनी माझा दंड दाबला. महिंद्राच्या जुन्या जीपला मागे असा हब नसतो, तिथे मधोमध एकच मोठा नट असतो. गाडीवर पत्रा कुणी कसलाही चढवतं, पण मागचा अ‍ॅक्सल बदलायची तसदी सहसा कोणी घेत नाही.

गोठा नानांचा, गाव निफाड तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या त्यांच्या दारात गाडी बघायला रांग लागायला नको. मेच्या मध्यावर आम्ही दोघं दुसऱ्या महायुद्धातली जीप शोधत चार दिवस फिरलो: देवळाली कॅम्प, भगूर, सिन्नर, मग निफाड, चांदवड आणि शेवटी मालेगाव. या शोधाला मे महिनाच बरा. द्राक्षाची काढणी आणि खरड छाटणी उरकलेली असते, उन्हाळ कांदा चाळीत गेलेला असतो, त्यामुळे माणूस ओट्यावर बसून दोन गोष्टी बोलतो. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत गेलात तर कोणालाच वेळ नसतो. दुसरं कारण जमिनीचं. वीस वर्षं एका जागी रुतलेली गाडी मेमध्ये ट्रॅक्टरने ओढून निघते. पहिला पाऊस झाला की काळ्या मातीत ट्रॅक्टरच फसतो. ऊन मात्र कडक, म्हणून सकाळी सहाला निघायचं आणि अकराला सावली धरायची. सीटखाली किंवा चाकाच्या कमानीत हात घालण्याआधी काठीने ठोकून बघा. आम्हाला सिन्नरजवळ एका टपात, म्हणजे गाडीच्या बॉडीत, घोणस दिसली.

देवळालीत फार काही हाती लागलं नाही, पण सुरुवात तिथूनच करायला हवी असं मला वाटतं. युद्धाच्या काळात देवळाली म्हणजे ब्रिटिश फौजांचा मोठा तळ होता. बोटीने आलेले आणि परत जायला निघालेले सैनिक इथे थांबत. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराच्या जादा गाड्या लिलावात निघाल्या आणि ठेकेदार, लाकूडवाले, बागायतदार यांनी त्या घेतल्या. जुनी माणसं आजही त्यांना ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात. शोधताना हाच शब्द वापरा. ‘विंटेज जीप आहे का’ विचारलं की समोरचा किंमत मनात धरतो किंवा गोंधळतो. ‘डिस्पोजलची गाडी कोणाकडे होती?’ विचारलं की आठवण निघते. भगूरमध्ये एका आजोबांनी असंच सांगितलं म्हणून आम्ही निफाडला पोहोचलो. छावणीच्या हद्दीत फोटो काढू नका, विनापरवाना कुठे शिरू नका.

आठ वर्षांपूर्वी मी फसलो आहे, म्हणून ओळखीच्या खुणांवर जरा जास्त लिहितो. एका व्यापाऱ्याने १९४४ ची म्हणून दिलेली गाडी निघाली महिंद्राच्या चासीवर नवा ठोकलेला बुटक्या बॉनेटचा टप. पुढची जाळी नऊ फटींची होती आणि तेवढ्यावर मी भाळलो. युद्धातल्या जीपला नऊ फटी आणि नंतरच्या नागरी जीपला सात, हे खरं आहे; पण जाळी म्हणजे एक पत्रा, कोणीही दाबून देतो. मागे उघडणारं फळकं नसणं, पेट्रोलचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असणं, हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरून इंजिनावर उजेड पाडणं, या खुणाही खऱ्याच, पण नकली करता येण्याजोग्या. नकली करायला जड जातं ते चासीचं पुढचं आडवं, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा. या जीप विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांच्या. विलीजच्या एमबीला तिथे गोल पाइप असतो, फोर्डच्या जीपीडब्ल्यूला उलट्या यू आकाराची चॅनल. फोर्डने बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर ठोकलेलं आहे. शिवाय या सगळ्या जीप डाव्या स्टिअरिंगच्या होत्या. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे घेतलेलं असेल, तर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या पत्र्याच्या, डाव्या बाजूला जुनं भोक बुजवल्याचं ठिगळ सापडतं. आतून बोट फिरवून बघा, रंगाखालीही वेल्डिंगची कड लागते.

नानांच्या गोठ्यात हे ठिगळ होतं. पुढचं आडवं चॅनलचं होतं. आता फक्त नंबर.

जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या बाजूच्या चासीच्या वरच्या पट्टीवर, इंजिनाच्या माउंटिंगपाशी ठोकलेला असतो. एमबीला तिथेच पुढे, चासीच्या आतल्या अंगाला रिबिट मारलेली छोटी पट्टी असते, आणि ती बहुतेक वेळा गळून गेलेली असते. नानांच्या चासीच्या पट्टीवर सत्तर वर्षांचं ऑइल, माती आणि तीन थर रंग. मिस्त्रींनी रॉकेलचं फडकं अर्धा तास त्यावर ठेवलं. मग पितळी ब्रश, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने. हिरवा रंग गेला, त्याखालचा निळा गेला, मग काळपट लोखंड. मी खडू आडवा धरून घासला आणि खोलगट अक्षरांभोवती पांढरं उमटलं. जी, पी, डब्ल्यू. त्यापुढे आकडे. नानांची नात मोबाइलचा उजेड धरून उभी होती, तिनेच ते मोठ्याने वाचले. इथे ग्राइंडर लावायचा नाही, कितीही घाई असली तरी. एक अंक जरी पुसट झाला तर आरटीओच्या तपासणीत नंबर खोडल्याचा संशय येतो, आणि तो संशय निस्तरणं इंजिन बांधण्याहून अवघड. माझं मत आता पक्कं झालं आहे: पत्रा, पाटे, पिस्टन, ब्रेक, सगळं नाशिकमध्ये बनतं किंवा मिळतं. चासीवरचा नंबर आणि त्याच्याशी जुळणारा कागद बनत नाही. म्हणून आधी हे दोन, मग बाकीचं.

विलीज आणि फोर्ड यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. डिझाइन विलीजचं. फोर्डने त्याच मापांनी बनवल्या, त्यामुळे एकीचा भाग दुसरीला लागतो. नानांच्या वडिलांनी त्यातली ही एक आणली. आधी ऊसतोडीच्या मुकादमांना घेऊन ती कारखान्यावर जायची, पुढे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ओढायची. त्यासाठी मागे लोखंडी हूक वेल्ड केलेला आहे, चांगला मनगटाएवढा. काही मंडळी असलं सगळं कापून कारखान्यातून निघाली तशी गाडी करतात. मी हूक ठेवणार आहे. लष्करात ती फार तर पाच वर्षं राहिली असेल, निफाडमध्ये साठ.

कागदाचं सांगतो. आरसी पुस्तक नानांच्या वडिलांच्या नावावर होतं, पत्र्याच्या ट्रंकेत, वाळवीने कडा खाल्लेलं. मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर करायचं, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. मग विक्रीसाठी २९ आणि ३०. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसात नोंद आणि फॉर्म २६. पैसे देण्याआधी नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत जुन्या नोंदी बघून घ्या, आम्ही तसंच केलं. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत: ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार चालत नाहीत. नियमात दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकी धरल्या आहेत, त्यामुळे ट्रकवर जीव जडला असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा.

ट्रकवर जीव जडण्यासारखं चांदवडच्या अलीकडे दिसलं. विहिरी खोदणाऱ्या एका कुटुंबाची यारी ज्या चासीवर बसवली आहे ती कॅनेडियन लष्करी ट्रकची, शेवरोलेटची. केबिनची पुढची काच वरून पुढे आलेली, खाली आत गेलेली. विमानातून चकाकी दिसू नये म्हणून ती तशी बसवत. कॅनडाने युद्धात आठ लाखांहून जास्त लष्करी गाड्या बनवल्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास या जातीच्या, आणि सुटे भाग पेट्यांतून येऊन मुंबईत जोडलेले ट्रकही त्यात होते. नाक आखूड, केबिन अरुंद, सहा सिलिंडरचं इंजिन जवळजवळ ड्रायव्हरच्या पायाशी. हे इंजिन केव्हाच गेलेलं, पण पुढचा अ‍ॅक्सल मूळचा आहे. मालकांनी विकायला सरळ नाही म्हटलं, कारण यारी अजून काम करते. आम्ही फोटो काढून दिले, चहा घेतला आणि निघालो. ट्रक कामावर आहे तोवर तो भंगारात जात नाही, याचं मला खरोखर समाधान आहे.

मालेगावला जाण्याचं कारण इंजिन. नानांच्या जीपमध्ये डिझेल बसवलेलं आहे, महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनत असे ते प्यूजो. गुणी इंजिन, पण या गाडीचं नव्हे. मूळ इंजिन साइड व्हॉल्व्हचं, २१९९ सीसी, ६० अश्वशक्ती. पूर्वी असं काही लागलं की आम्ही अंबड लिंक रोडचा भंगार बाजार पालथा घालायचो, तो महापालिकेने हटवला. मालेगावात एका गोदामात मूळ इंजिनाचा ब्लॉक मिळाला, हेड नसलेला, तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंज धरलेला. टायमिंगचं झाकण काढायला लावा: युद्धातल्या इंजिनाला आत चेन असते, नंतरच्या नागरी इंजिनांत दातेरी चाकं आली. आमच्यात चेन होती. जाम पिस्टनवर हातोडा मारायचा नाही. डिझेल आणि गिअरचं पातळ तेल समसमान ओतून आठ-दहा दिवस ठेवा, रोज हँडलने थोडं मागेपुढे करा. आमचा ब्लॉक सातपूरला लेथवाल्याकडे आहे, बोअर चाळीस साइजला, म्हणजे मूळ मापाहून ०.०४० इंच मोठा, जाईल असं तो म्हणतो.

जीप उचलताना आमच्याकडून एक चूक झाली. डाव्या पुढच्या चाकाचे नट सुटेनात म्हणून टॉमीला पाइप लावून जोर दिला आणि स्टड तुटला. दुसराही तुटला तेव्हा मिस्त्री थांबले. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे आम्ही इतका वेळ नट आवळत होतो. मला हे वाचून माहीत होतं, उन्हात डोक्यातून गेलं. याहून गंभीर गोष्ट रिमची. लष्करी जीपचे आणि या ट्रकांचे काही रिम दोन तुकड्यांचे, बोल्टने जोडलेले असतात. चाक काढायचे नट वेगळे आणि रिम जोडणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या जातीचा नट सोडला तर रिम फुटून माणूस जागीच जातो. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. ब्रेकची जुनी लायनिंग अ‍ॅस्बेस्टॉसची समजा आणि धूळ फुंकू नका, पाण्याने भिजवून पुसा. जुना रंगही कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगची ज्योत दाखवायची नाही, आत वाफ राहते.

सुटे भाग वाटतात तितके दुर्मीळ नाहीत. महिंद्राच्या जुन्या जीपचे पुढच्या अ‍ॅक्सलचे आणि फोर बाय फोरच्या गिअरचे बरेच भाग लागतात. गिअर बॉक्स मात्र वेगळा आहे, नावाला भुलून घेऊ नका. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, आताच्या पंपावरच्या पेट्रोलने जुनं रबर आणि कॉर्कची पॅकिंग लवकर खराब होते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

ब्लॉक पुढच्या आठवड्यात परत येईल. तोवर चासी खाली उतरवून ठेवली आहे, नंबरावर ग्रीस लावून वर कापड बांधलं आहे, आणि डाव्या दोन्ही हबवर मिस्त्रींनी पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलं आहे: उलटे आटे.