टोरांटोच्या हिवाळ्यात सायकल कुरिअर : माझा अनुभव

टोरांटोच्या मध्यवर्ती भागात वकिलांची, हिशेब तपासनीसांची आणि वास्तुविशारदांची कार्यालये इतकी जवळजवळ आहेत, की सही झालेले मूळ कागद किंवा नकाशांच्या गुंडाळ्या पोहोचवायच्या असतील, तर मोटारीच्या आधी सायकल पोहोचते. हे काम मी उन्हाळ्यात धरले आणि हिवाळ्यातही ते सोडायचे नाही, असे ठरवले. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला उणे १० अंशांचा अंदाज येत नाही. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, की ती थंडी अंगाला उणे २० इतकी झोंबते.

जुन्या सहकाऱ्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : घाम येऊ देऊ नकोस. जोरात पेडल मारल्याने अंग तापलेले असते, मग उबदार इमारतीत पोच मिळेपर्यंत थांबावे लागते, तिथे घाम फुटतो आणि बाहेर पडताच तो अंगावर गार पडतो. त्यामुळे अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ सदरा, त्यावर लोकरीचाच आणखी एक थर आणि वर केवळ वारा अडवणारे जाकीट, एवढेच मी घालते. निघताना पहिली काही मिनिटे थोडे कुडकुडायला झाले नाही, तर कपडे जास्त झाले असे समजावे. सुती कपडा मात्र घरीच ठेवावा, कारण तो एकदा भिजला की लवकर वाळत नाही.

रस्त्यावर मला बर्फापेक्षा लोखंडाची धास्ती अधिक वाटते. किंग, क्वीन आणि स्पडायना या रस्त्यांवर ट्रामचे रूळ आहेत. ताज्या बर्फाखाली त्यांच्या खाचा दिसत नाहीत आणि ओल्या रुळावर चाक तिरके गेले, की सावरायला क्षणही मिळत नाही. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायचे, त्या क्षणी ब्रेक दाबायचा नाही आणि हँडलही वळवायचे नाही. गटारांची झाकणे आणि खोदकामावर टाकलेले पत्रे यांनाही हाच नियम लागू पडतो. बर्फाळ दिवसांसाठी मी टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे असलेले टायर बसवले. ते जड आहेत आणि कोरड्या रस्त्यावर सतत आवाज करतात, तरीही कडक बर्फावर त्यांच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

सायकलीचे खरे हाल रस्त्यावर टाकलेल्या मिठाने होतात. चेन रोज संध्याकाळी पुसून तेल दिले नाही, तर तिच्यावर बघता बघता गंज चढतो. त्याहून अवघड दुखणे मागच्या चाकाच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या फिरत्या भागाचे : ओली सायकल घरात आणली की बर्फ वितळतो, पाणी आत झिरपते आणि सकाळी बाहेर नेताच गोठते, मग आतले खटके अडकतात, पेडल नुसते फिरते आणि चाक जागचे हलत नाही. म्हणून मी सायकल पूर्ण वाळेपर्यंत घरात ठेवते, किंवा रात्रभर थंड पडवीतच राहू देते.

कागद कोरडा पोहोचणे हेच या कामातले वचन आहे, त्यामुळे पिशवीवरचा बर्फ इमारतीच्या दाराबाहेर झटकल्याखेरीज मी तिचे झाकण उघडत नाही. पडता पडता गोठणारा पाऊस सुरू झाला, की मात्र मोटारीच ताब्यात राहत नाहीत. खिळ्यांच्या टायरांनी मी सावरेन, पण घसरत येणाऱ्या मोटारीपुढे त्यांचा उपयोग नाही. अशा दिवशी मी सायकल कुलूप लावून ठेवते आणि शहराच्या पोटातून ३० किलोमीटरहून अधिक पसरलेल्या 'पाथ' या भुयारी पादचारी मार्गाने पाकिटे पायीच पोहोचवते.