डेक करडा पडलाय म्हणजे लाकूड गेलं असं नाही

मागच्या दाराबाहेरच्या डेककडे, म्हणजे लाकडी फळ्यांच्या ओट्याकडे, आम्ही चार-पाच वर्षं ढुंकूनही बघितलं नव्हतं. मग एक दिवस अनवाणी बाहेर गेले आणि टाचेत लाकडाची कूस घुसली, ती चिमट्याने काढता काढता तिथेच बसून पहिल्यांदा नीट बघितलं तर फळ्या राखेच्या रंगाच्या, खिळ्यांभोवती काळे डाग, आणि सावलीतल्या कोपऱ्यात हिरवंगार शेवाळ. नवरा म्हणाला उखडून टाकू, सडलंय सगळं.

मला काही ते पटेना. घरातली जुनी पटाशी घेतली आणि एका कोपऱ्यात हलकंच खरवडलं, तर कागदाएवढा पातळ करडा पापुद्रा निघाला आणि खाली मधाच्या रंगाचं लाकूड! मग वाचत बसले. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा भाग, तुटत जातं, पावसाने ते धुऊन जातं आणि वर नुसते करडे धागे उरतात. म्हणजे हा रंग सडण्याचा नाहीच, उन्हाचा आहे. सडलंय का ते स्क्रूड्रायव्हर टोचून कळतं, चांगल्या फळीत टोक जेमतेम रुततं, सडलेल्या फळीत केकमध्ये सुरी जावी तसं आत जातं. सगळ्या फळ्या टोचल्या तर दोनच गेलेल्या निघाल्या, जिथे कुंड्या ठेवलेल्या होत्या तिथल्या, खाली कायम ओल राहायची ना. त्या दोन बदलल्या, खालच्या तुळया नशिबाने ठणठणीत होत्या.

आता माझा गाढवपणा. प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाणी मारणारं मशीन, मिळाला होता, मग काय, फुल प्रेशरवर अगदी जवळून मारला. घाण गेली पण लाकडावर लव उभी राहिली, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यावर दिसतं ना तसं, आणि एका फळीवर तर चक्क पाण्याच्या रेघा कोरल्या गेल्या, त्या अजून आहेत. मारायचाच तर कमी प्रेशर, पसरट फवारा, हातभर लांबून आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने. बाकीचा डेक मी मुकाट्याने ब्रशने घासला, सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर) पाण्यात कालवून पंधराएक मिनिटं मुरू द्यायचं, सुकू द्यायचं नाही, मग घासून धुवायचं. क्लोरीनवाल्या ब्लीचच्या वाटेला जाऊ नका, त्याने तंतूच खराब होतात. परकार्बोनेटनंतर लाकूड जरा काळपट दिसतं, तिथे ऑक्झॅलिक ॲसिड कामाला येतं. खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची भानगड, ॲसिड लावल्यावर ते डोळ्यांदेखत फिके पडत गेले, मी तर तिथेच उकिडवी बसून बघत राहिले. हातमोजे आणि चष्मा मात्र घालाच, आणि आजूबाजूची झाडं आधी पाण्याने भिजवून ठेवा.

मग सँडिंग, म्हणजे मशीनला घासकागद लावून घासणं. आधी वर आलेले खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारले, डोकी जरा आत बसवून, नाहीतर सँडरचा कागद टराटरा फाटतो (दोन फाडले तेव्हा कळलं). ६० नंबरचा कागद, मग ८०, आणि तिथे थांबायचं. फर्निचरसारखं गुळगुळीत करायचा मोह होतो पण खूप घासलं की लाकूड तेल पीत नाही. मास्क लावूनही संध्याकाळपर्यंत पापण्यांवर भुसा.

मला सगळ्यात जड काय गेलं तर थांबणं. धुतल्यावर कडक उन्हात निदान दोन-तीन दिवस, मधे पाऊस आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आमचे आठ दिवस गेले असे. फळीवर पाण्याचे थेंब टाकून बघायचं, पटकन मुरले तर ती तेलाला तयार.

व्हार्निश नको म्हटलं, बाहेर त्याचे पोपडे निघतात, म्हणून तेल घेतलं. ब्रशने पातळ हात द्यायचा, फळीची कापलेली टोकं मात्र मनसोक्त पाजायची कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून घ्यायचं. पहिल्या फळीवर मी पुसलंच नाही, आठवडाभर चपला चिकटत होत्या.

आणि हे प्लीज हसण्यावारी नेऊ नका, तेल पुसलेल्या फडक्यांचे बोळे करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं किंवा तसलं सुकणारं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि चुरगाळलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. मी फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण सुकवली, मगच टाकली.

नव्या दोन फळ्या अजून वेगळ्याच दिसतात, जरा पिवळट, ठिगळासारख्या. उन्हाने होतील म्हणे सारख्या. तोवर माझी खुर्ची बरोब्बर त्यांच्यावर मांडलेली असते, आणि कुंड्यांच्या खाली आता विटांचे तुकडे आहेत.