तुम्ही विचारलंत म्हणून: तयार डबा मिळत असताना भंगार कशाला?

मी घरी इलेक्ट्रॉनिक सर्किटं बनवतो आणि ती भंगारातल्या जुन्या पेट्यांत बसवतो. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, त्यासाठी प्लास्टिकचा तयार डबा मिळतो, झाकण-स्क्रूसकट. माहीत आहे मला. त्याच दुकानातून मी नट आणि स्पेसर घेतो. तरी घरी येणारा प्रत्येक जण शोकेसकडे बोट दाखवून विचारतोच, "सर्किट एवढं नीटनेटकं करतोस, मग बाहेरून हे भंगार का?"

पूर्वी सांगायचो, पैसे वाचतात. साफ खोटं. कुर्ल्याहून किलोच्या भावाने लोखंड आणा, गंज काढा, भोकं पाडताना ड्रिलचे बिट मोडा, वर रंगाचा खर्च. तेवढ्यात दोन तयार डबे येतील. मग पर्यावरणाचं बोलू लागलो. तेही फार ताणता येत नाही. भंगारवाल्याकडचं लोखंड भट्टीत जाऊन पुन्हा लोखंडच होतं.

खरं म्हणजे जुन्या पेटीशी भांडावं लागतं, आणि मला ते आवडतं. काळ्यापिवळ्या टॅक्सीचा मेकॅनिकल मीटर घ्या, डाव्या बाजूला बाहेर असायचा तो. लोखंडी पेटी, म्हणजे आत ठेवलेल्या ईएसपी३२चं, म्हणजे सगळं चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचं, वाय-फाय कोंडलंच. अँटेना बाहेर काढायला हवी. तर गाडीखालून येऊन मीटर फिरवणाऱ्या केबलचं भोक आयतं होतं. काचेमागे आकड्यांच्या जागी डिस्प्ले बसवला. 'फॉर हायर'च्या दांडीला मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने चालणारं छोटं बटण, लावला. आता दांडी पाडली की बेडरूमच्या एसीचं भाडं सुरू! एसीच्या फेजच्या वायरभोवती करंट ट्रान्सफॉर्मरची चिमटी आहे, ती करंट मोजते आणि काचेत रुपये सरकतात. हो, पेटीला अर्थिंग दिलंय. विचारणार होतात ना?

हा मीटर शेजारच्या विंगेतल्या काकांना मोठ्या हौसेने दाखवला. काकांनी जन्मभर टॅक्सी चालवली. त्यांनी न विचारता दांडीला हात घातला आणि सवयीने झटका दिला. आतून मायक्रोस्विचचा बारीक टक् आला. काकांनी दांडी वर केली, पुन्हा पाडली. मग पेटीला कान लावला.

"मशीन कुठाय?"

"काढलं, काका. जागा हवी होती."

"काढून ठेवलंस कुठं?"

"भंगारात दिलं."

"चालत होतं?"

चालत होतं. केबलचं टोक चिमटीत धरून मीच फिरवून पाहिलं होतं, आकडे व्यवस्थित सरकले होते. म्हटलं, "हो."

काकांनी सीलच्या तारेच्या भोकावर अंगठा फिरवला. "हे शिशाचं सील तुटलं तर गाडी बाहेर काढायची सोय नव्हती आमची. आणि तू सरळ पेचकसाने उघडलास." मग ते टॅरिफ कार्डावर आले. मीटर जुन्याच दराने पडायचा, खरं भाडं कार्डात बघून सांगायचं, आणि पॅसेंजर त्या कार्डाशी हुज्जत घालायचा. चहा पूर्ण प्यायले. एसीच्या रुपयांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

आता माझी बाजू. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि हे भंगारात गेले. मी उचलला नसता तर दांडीसकट वितळला असता. ज्या गाडीवर तो बसायचा ती पद्मिनीही राहिली नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत संपून तीही रस्त्यावरून उतरली. चालू मशीन ठेवून मोजणार काय होतं ते? हे सगळं त्या रात्री बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग काकांसमोर का नाही बोललास?"

काका हल्ली लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "भाडं किती झालं?" चेष्टा की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दरम्यान दुसरा मीटर आणलाय. त्याचेही आकडे सरकतात. मशीन आत तसंच ठेवलं तर मागच्या बाजूला जेमतेम बोर्ड उभा राहील एवढी फट उरते, पण काचेमागची जागा जुन्या आकड्यांनी अडवलेली. तिथे डिस्प्ले कसा बसवायचा हे कुणाला सुचत असेल तर सांगा. नाहीतर पेचकस हाताशीच आहे.